एका शनिवारी भरलेला, पुढच्या शनिवारी रिकामा: खाडीतल्या कोळंबी-सापळ्याचं दुखणं

तक्रार सगळ्यांची सारखीच असते. घडीचा नायलॉनचा सापळा ऑनलाइन मागवला, आत बांगड्याचं डोकं बांधलं, खाडीत सोडला. पहिल्या शनिवारी कालवणापुरती कोळंबी मिळाली. पुढच्या शनिवारी जागा तीच, वेळ तीच, बांगडाही तसाच ताजा, आणि सापळ्यात दोन कुर्ल्या (खेकडे) नि शेवाळाचा गोळा. मग माणूस आमिष बदलतो. बांगड्याऐवजी तारली, तारलीऐवजी कोंबडीची आतडी, कुणीतरी सांगितलं म्हणून शेंगदाण्याची पेंड. तिसऱ्या शनिवारी पुन्हा कोळंबी येते आणि पेंडीची कीर्ती गावभर होते. चौथ्या शनिवारी परत ठणठणाट.

पेंडीने काहीच केलेलं नसतं. तिसरा शनिवार मुळातच चांगला होता, इतकंच. आमच्या सिंधुदुर्गातल्या खाड्यांत, म्हणजे विजयदुर्ग, देवगड, आचरा, कालावल, कर्ली, अगदी तेरेखोलपर्यंत, हौशी लोकांचे सापळे रिकामे येण्याचं पहिलं कारण पाण्याची ओढ असतं. आमिषाचा नंबर फार खाली लागतो. हे लिहितोय ते काठावरून, एक-दोन सापळे हाताने लावून घरच्यापुरती कोळंबी धरणाऱ्यांसाठी. होडी, वाणा-डोलसारखी मोठी जाळी, हा वेगळा धंदा आहे आणि त्यातल्या माणसांना माझ्याकडून काही शिकायची गरज नाही.

कोळंबी कुठली, ते आधी बघा

आपण सगळ्यालाच कोळंबी म्हणतो, मालवणीत सुंगटां म्हणतो, पण खाडीत दोन वेगळ्या घराण्यांची कोळंबी असते आणि दोघींचं वागणं उलट आहे.

एक समुद्रातली. ती अंडी समुद्रात सोडते, पिल्लं दोनेक आठवड्यांत भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळवनाच्या चिखलात काही महिने वाढतात आणि हाताच्या बोटाएवढी झाली की ओहोटीबरोबर परत समुद्राकडे निघतात. दिवसा चिखलात स्वतःला पुरून घेतात, अंधार पडला की बाहेर येतात. आपल्या खाडीत मिळते ती बहुतेक हीच. आमिषाच्या वासाने लांबून चालत येण्याची हिला फारशी सवय नाही. पाणी नेतं तिकडे ती जाते.

दुसरी गोड्या पाण्याची, लांब डेंग्यांची (नांग्यांची). पावसाळ्यात नदीतून खाली उतरते, कारण तिच्या पिल्लांना जगायला मचूळ पाणी लागतं. ही मात्र आमिषावर तुटून पडते. परदेशातल्या व्हिडिओंत डब्यात मांसाचा तुकडा ठेवून सापळा भरून काढतात, ती कोळंबीसुद्धा याच स्वभावाची असते. आपण तो व्हिडिओ बघून डिसेंबरात कालावलच्या खाडीत तेच करायला जातो.

ओळख सोपी आहे. कोळंबी आडवी धरून पोटाच्या कड्या बघा. दुसऱ्या कडीची बाजूची पाकळी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कड्यांवर चढलेली असेल तर ती गोड्या पाण्याच्या घराण्यातली. छतावरच्या कौलांसारखी प्रत्येक कडी फक्त मागच्या कडीवर बसलेली असेल तर समुद्रातली. आणखी एक खूण: पोटाखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर ती समुद्रवाली नव्हेच, कारण ती अंडी अंगावर वागवत नाही. पुंजकेवाली मादी परत पाण्यात सोडा. तिच्या पोटाखाली हजारो अंडी असतात, आणि तुमच्या ताटात मात्र एकच कोळंबी वाढणार असते.

डेंगेवाली हवी असेल तर पावसाळ्यात नदीच्या अंगाला जा आणि आमिषावर हवी तेवढी मेहनत घ्या. बाकीच्यांनी पुढे वाचा.

शनिवारचं गणित

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत झाले जवळपास सहा तास. म्हणजे या शनिवारी संध्याकाळी सातला पाणी चढत असेल, तर पुढच्या शनिवारी सातला ते उतरत असतं. घड्याळ तेच, खाडी वेगळी. त्यात दुसरी भानगड अशी की पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत मोठं उधाण येतं आणि अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे चढणंही थोडं आणि उतरणंही थोडं. उधाणापासून भांगापर्यंत सात-साडेसात दिवस. तुमचा शनिवारचा फेरा आणि समुद्राचा फेरा असे एकमेकांत अडकतात, आणि एकाआड एक शनिवार रिकामा जातो.

बरं, हे कायम तसंच राहतं असंही नाही. उधाण ते उधाण पावणेपंधरा दिवस लागतात आणि दोन आठवडे होतात चौदा दिवसांचे, त्यामुळे जुळणी हळूहळू घसरते. दोन-अडीच महिन्यांनी दोन्ही शनिवार सारखेच कसेबसे होतात आणि साडेचार महिन्यांच्या आसपास डाव पूर्ण उलटतो: आधीचे वाईट शनिवार चांगले, चांगले वाईट. दिवाळीत पक्की केलेली थिअरी होळीनंतर कोसळते ती यामुळे. मग लोक म्हणतात, खाडीत कोळंबीच राहिली नाही.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब बहुतेकांना ऐकून माहीत असतो: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थी असेल तर तीन चोक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारीही आणि पहाटेही. पौर्णिमा किंवा अमावास्या धरायची पंधरा, तिथे उत्तर येतं सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हा हिशोब मुंबईच्या बाजूचा आहे. मालवण-देवगडकडे भरती त्याच्या पाऊण-एक तास आधी लागते. आणि तुम्ही तोंडापासून जितके आत, खाडीच्या पोटात जाल, तितकी ती पुन्हा उशिरा पोचते. आपल्या जागेचा फरक एकदा काठावर उभं राहून काढावा लागतो. दगडावर खूण करा, पाणी खुणेवरून मागे हटायला लागलं की वेळ बघा आणि हिशोबाच्या उत्तराशी ताडून ठेवा. तो फरक मग तिथल्या तिथे पुढेही बऱ्यापैकी लागू पडतो. तयार तक्ते मोबाइलवरही मिळतात, फक्त ते बंदराच्या तोंडाचे असतात, तुमच्या व्हाळाचे, म्हणजे खाडीला मिळणाऱ्या ओढ्याचे, नव्हेत.

मुंबईच्या आकड्यांनी घाबरू नका, हेही सांगून ठेवतो. तिकडे मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आपल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे आपल्या खाडीत ओढ मुळातच कमी, आणि भांगाच्या दिवसांत तर सापळ्यापुरती ती उरतच नाही.

आता हा हिशोब कोळंबीला लावू. आपल्याला हवंय काय? अंधार, आणि त्याच वेळी जोरात उतरणारं पाणी. चतुर्थी ते षष्ठी बघा. भरती दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान, सुकती (पूर्ण ओहोटी) रात्री सव्वाआठ ते पावणेदहापर्यंत. म्हणजे दिवेलागणीनंतरचे दोन तास नेमके उतरत्या पाण्याचे, आणि उधाण होऊन फार दिवस झालेले नसल्यामुळे पाण्यात अजून दम असतो. कृष्ण पक्षातली चतुर्थी-पंचमी त्याहून बरी, कारण चंद्र उशिरा उगवतो.

पंचाईत अशी की कृष्ण चतुर्थी म्हणजे संकष्टी. पाण्याच्या हिशोबाने महिन्यातली सर्वात चांगली संध्याकाळ आणि घरात चंद्रोदयाची वाट बघत मोदक. यावर उपाय बर्फ. पंचमीला खा.

पौर्णिमा-अमावास्येला ओढ सर्वात जास्त, पण पाणी उतरायला लागतं रात्री साडेदहा-अकरानंतर. जागायची तयारी असेल तर अकरा ते एक ही वेळ उत्तम. संध्याकाळी सातला सापळा टाकून नऊला घरी जाणाऱ्याला त्या दिवशी फक्त चढतं पाणी मिळतं. अष्टमीच्या शनिवारी सरळ सुट्टी घ्या किंवा गळ टाका. थंडीत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते, पावसाळ्याच्या तोंडाला उलट, म्हणून कार्तिक ते माघ रात्रीची मेहनत जास्त फळते.

तोंड कुठे केलंत?

वेळ जमली तरी सापळा रिकामा येतो तो इथे चुकल्यामुळे.

कालावलच्या काठावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारे एक म्हातारे पागी आहेत. मुंबईहून आलेल्या एका पोराने त्यांना विचारलं, "आबा, पेंड बदलून बघू काय?" पाग खांद्यावरून न उतरवता ते म्हणाले, "पेंड रवांदे. पानी खंयसून येता ता आदी बग." (पेंड राहू दे, पाणी कुठून येतं ते आधी बघ.)

सापळा दोन पद्धतीने काम करतो. आमिषाचा सापळा असेल तर वास पाण्याबरोबर खाली वाहतो, प्राणी त्या वासामागे प्रवाहाच्या विरुद्ध वर येतो, म्हणून तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला हवं. ओढीचा सापळा असेल तर प्राणी पाण्याबरोबर वाहत येतो, म्हणून तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, येणाऱ्या पाण्यासमोर हवं. शेताच्या बांधावरच्या मोरीला बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा लावतात तो याच तत्त्वाचा. त्यात कुणी बांगडा बांधलेला बघितलाय का?

आपला ऑनलाइनचा सापळा बनवलेला असतो आमिषासाठी, बहुतेक वेळा चारी बाजूंनी किंवा दोन टोकांना तोंडं असलेला, आणि आपण तो लावतो ओढीवरच्या कोळंबीला. मग होतं काय, कोळंबी एका तोंडाने आत येते आणि पाण्याबरोबर समोरच्या तोंडाने बाहेर पडते. सापळा उचलाल तेव्हा बॅटरी मारून नीट बघा. कोळंबी जाळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेली, डोक्यावरचा दातेरी काटा बाहेरून आत घुसलेला अशी दिसली तर समजा की पाणी तिला सापळ्याच्या पाठीवर आणून आपटत होतं. तोंड उलटं झालंय. कोळंबी आत आहे पण गिरक्या घेऊन दुसऱ्या टोकाच्या गळ्याजवळ जमलीय असं दिसलं, तर ती बाहेर पडायच्या बेतात होती.

उपाय असा. दोन टोकांच्या सापळ्याचं एक तोंड सुतळीने आवळून पूर्ण बंद करा. दुसरं तोंड कांदळवनाकडे, शेपूट खाडीकडे. दोन्ही टोकं काठ्यांना बांधा, नाहीतर पाण्याने सापळा फिरतो आणि सगळी दिशा वाया जाते. तळाला लोखंडी सळईचे दोन तुकडे किंवा चपटे दगड बांधा. हे सापळे इतके हलके असतात की मधल्या पाण्यात तरंगत राहतात, आणि कोळंबी तळालगत निघून जाते. सापळा चिखलाला टेकलाच पाहिजे.

जागा निवडायची ती मोठ्या खाडीत नव्हे, खाडीला मिळणाऱ्या बारक्या व्हाळाच्या तोंडाशी. कांदळवनात भरतीला पसरलेलं पाणी ओहोटीला दोन-तीन हात रुंदीच्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडतं, आणि आत चरायला गेलेली कोळंबी त्याच वाटेने परतते. खाडीच्या मधोमध लावलेल्या सापळ्याला तीच कोळंबी शंभर हात रुंदीत शोधावी लागते. व्हाळाच्या तोंडाला सापळ्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या शेडनेटच्या पट्ट्या तिरप्या रोवल्या तर पाणी नि कोळंबी दोन्ही तोंडाकडे वळतात. पण अर्धा व्हाळ मोकळा ठेवा. पूर्ण अडवलात तर लहान मासळी सगळी आत अडकते, शिवाय कचऱ्याने पट्ट्या तुंबून उखडतात.

ओढ पुरेशी आहे का हे बघायला तिवराचं पिवळं पान पाण्यात टाका आणि त्याच्या बाजूने काठाने चाला. पान जागच्या जागी घुटमळत असेल तर थांबा, अजून पाणी ठरलेलं आहे. रमतगमत चालत पानाला मागे टाकता येतंय पण थांबलात की ते पुढे जातंय, अशी ओढ उत्तम. पान गाठायला झपझप चालावं लागत असेल तर सापळा चपटा होणार, तिथून थोडं बाजूच्या संथ पाण्यात सरका.

आणि सर्वात महत्त्वाचं, पाणी फिरायच्या आत सापळा काढा. ओहोटी संपून भरती लागली की तोंडाची दिशा आपोआप चुकीची होते. आत गेलेली कोळंबी आता पाण्याबरोबर तोंडाकडे ढकलली जाते. रात्री आठला लावून सकाळी सातला काढणाऱ्यांच्या सापळ्यावरून मध्ये पूर्ण भरती-ओहोटी जाऊन आलेली असते. दीड-दोन तास, त्याहून जास्त नाही.

रिकामा म्हणजे नेमका किती रिकामा

सापळा उघडल्यावर झटकून टाकायची घाई करू नका. तळाशी सुटी डोकी, मिशा, पारदर्शक साली दिसतात का बघा. दिसत असतील तर कोळंबी आली होती, कुणीतरी खाऊन टाकली. तो कुणीतरी बहुधा आतच बसलेला असतो, डेंगे वर करून.

कुर्ली आमिषाला येते. म्हणून ओढीच्या सापळ्यात आमिष घालूच नका, अर्धी कटकट तिथेच संपते. वाटल्यास नारळाची पेंड आणि भाताचा कोंडा मळून केलेला सुपारीएवढा गोळा ठेवा, माशाचं डोकं मात्र नको. दुसरं, सापळ्याचा गळा. तयार सापळ्याचा गळा मूठ जाईल इतका मोठा असतो. तारेची किंवा प्लास्टिकच्या नळीची कडी करून तो चार-पाच सेंटीमीटरवर आणा. हाताएवढी कुर्ली बाहेर राहते, कोळंबी सहज आत जाते. लहान कुर्ल्या तरी येणारच. त्यासाठी पुन्हा तेच, सापळा जास्त वेळ ठेवू नका.

वाम हा सापासारखा लांब मासाही असाच आत शिरतो आणि शांतपणे सगळं संपवतो. शिंगाळा मासा आत असेल तर सापळ्यात हात घालू नका, पाठीवरचा आणि कानाजवळचे काटे विषारी असतात. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, ठणका उतरतो, आणि मग डॉक्टरकडे जायचं. कालवांनी पाय कापला तरी जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. खाडीच्या पाण्यातली जखम चिघळायला वेळ लागत नाही.

जाळीला मोठं भगदाड आणि आसपास ओल्या पायांचे ठसे, तर ते पाणमांजर. आपल्या खाड्यांत ती आहेत, कायद्याने संरक्षित आहेत, आणि सापळ्यात अडकली तर श्वास कोंडून मरतात. तिथे सापळा लावणं बंद करून दुसरा व्हाळ शोधणं एवढंच करण्यासारखं आहे.

शेवाळाने तुंबलेली जाळी हे चिल्लर कारण वाटतं, पण बारीक जाळीत गाळ नि शेवाळ बसलं की पाणी सापळ्यातून न जाता त्याच्या कडेने जातं, आणि कोळंबी पाण्यामागे. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. विकत घेतानाच पाच-सहा मिलिमीटरच्या आसाची (भोकाची) जाळी घ्या. त्याहून बारीक आसात जवळ्यासकट सगळी पिल्लावळ येते आणि तिचं तुम्ही काहीच करत नाही.

हिरव्या दिव्याबद्दल नेहमी विचारणा होते. दिवा लावला की खाडीत काहीतरी जमतं हे खरं, पण आधी जमतात बारकी पिल्लं, मग त्यांच्या मागे मासे, आणि माशांच्या तोंडासमोरून कोळंबी काही मिरवत जात नाही. माझं मत विचाराल तर ते पैसे चांगल्या डोक्याच्या बॅटरीवर घाला. काठावर उभं राहून पाण्यालगत तिरपा झोत टाकला की कोळंबीचे डोळे तांबूस चमकतात. त्या व्हाळात ते दिसलेच नाहीत तर सापळा भिजवायचीसुद्धा गरज नाही.

आली, पण मेलेली आणि डोकं काळं

ही तक्रार मार्चनंतर वाढते. सुकतीला सापळा उघडा पडला की कोळंबी तापलेल्या चिखलावर मरते. मेल्यावर डोक्यातल्या पाचक रसांनी मांस मऊ पडायला लागतं आणि सालीखाली काळे डाग येतात. काळा डाग म्हणजे विष नव्हे, पण मऊ पडलेली, डोकं लोंबणारी कोळंबी फेकून द्या. व्हाळाचा सर्वात खोल खड्डा बघून सापळा लावा, म्हणजे पाणी उतरलं तरी वीतभर उरतं. बरोबर बर्फाचा डबा न्या, बर्फात थोडं खाडीचं पाणी घालून लगदा करा आणि कोळंबी जिवंत असतानाच त्यात टाका. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेली खालून थंड आणि वरून कोमट राहते.

सापळाच गेला

उधाणात दोरी कमी पडली की तिला खुणेसाठी बांधलेली तरंगणारी बाटली पाण्याखाली जाते आणि सापळा नाहीसा होतो. दोरी भरतीच्या खोलीच्या दुप्पट हवी. होडीच्या वाटेत लावू नका. पंख्यात तुमची दोरी अडकली तर होडीवाला ती कापणारच आणि वर शिव्या देणार, दोन्ही रास्त आहे.

हरवलेला नायलॉनचा सापळा कुजत नाही. तो चिखलात बसून महिनोन्महिने मासे-कुर्ल्या धरत राहतो. आत मेलेलं पुढच्याला आमिष होतं. म्हणून सापळ्याची एक बाजू उसवून ती ज्यूटच्या सुतळीने शिवून घ्या. सुतळी खाऱ्या पाण्यात काही आठवड्यांत कुजते आणि ती बाजू उघडते. दर वेळी लावण्याआधी सुतळी ओढून बघायची, सैल वाटली की बदलायची.

हंगाम आणि हद्द

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाने खाडी गढूळ नि गोडी होते आणि समुद्रवाली कोळंबी खालच्या अंगाला, तोंडाकडे सरकते. तेव्हा वरच्या व्हाळात कितीही तिथी जुळवा, सापळा रिकामाच येणार. गणपती-नवरात्राकडे पाऊस ओसरला की पाणी पुन्हा मचूळ होतं. जिभेच्या टोकाला खारटपणा लागला की वरचे व्हाळ धरायला हरकत नाही. मध्ये परतीच्या पावसाची एखादी मोठी सर आली तर चार-आठ दिवस पुन्हा खाली सरका.

१ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारीबंदी असते. काठावरचा हातसापळा त्या बंदीत धरलेला नसला तरी याच काळात पोटाखाली अंडी असलेली डेंगेवाली खाडीत उतरते, तेव्हा वर सांगितलेली पुंजक्याची खूण विसरू नका. मालवणच्या किनाऱ्याजवळ १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत सापळा लावायच्या आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे विचारा. काठ्यांसाठी कांदळवनातली फांदी तोडायची नाही, तो गुन्हा आहे. शिवाय त्यातल्या एका झाडाचा दुधाळ चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं. काठ्या घरून बांबूच्या न्या.

व्हाळ मोकळा दिसला म्हणून तो बेवारस नसतो. कुठल्या तोंडाला कुणाचा वाणा लागतो, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि कागदावर कुठेच नसतं. रोवलेले खुंट दिसले तर तिथून लांब राहा. खारभूमीच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, तर नकोच. तिच्या झडपेत सापळा अडकून ती बंद झाली नाही, तर भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं. पहिल्यांदा जाताना काठावरच्या घरी हाक मारून विचारा, "काका, हय सापळो लावलंय तर चलात मा?" नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक वेळा तेच पुढचा व्हाळ दाखवतात, आणि पाणी किती वाजता फिरेल तेही सांगतात.